बोटभर फट

अस्तराचा रंग लावून दोन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघण्याआधी शुभांगी शेडमध्ये डोकावली, तेव्हा नावेच्या डाव्या अंगावर तिला केसासारखी एक रेघ दिसली. आधी वाटलं, ब्रशचा केस चिकटला असेल. तिनं नखानं खरवडून पाहिलं. नख आत गेलं.

तिनं पर्स खाली ठेवली, खिडकीतला चाकू घेतला आणि टोक रेघेत घातलं. भुसा आणि गोंद कालवून भरलेला लांबट तुकडा निघून खाली पडला. आत फट होती. वरच्या काठाशी तिचं बोट सहज मावत होतं.

शुभांगी तेलंगणात जैनथकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत गणित शिकवायची. वय सेहेचाळीस. नवरा राजकुमार तहसीलमध्ये कारकून. लेक शिकायला बाहेर. घराच्या मागं टिनाची शेड होती. आधीच्या मालकाच्या वेळी तिथं कापूस भरत, आता साडेअकरा फुटांची एक लाकडी नाव ठोकळ्यांवर उभी होती. तिला शीड लागणार होतं. वल्ह्यांची नाव शुभांगीला नकोच होती.

हे वेड चार वर्षांपूर्वीचं. प्रशिक्षणासाठी हैदराबादला गेलेल्या शिक्षकांची बस टँकबंडच्या रस्त्यावर गर्दीत अडकली होती. हुसेनसागर तलावात दहा-बारा लहान शिडाच्या नावा फिरत होत्या. एका नावेत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी एकटीच होती. वारा भरला की ती मागं रेलायची आणि नाव सरसर निघायची. बस वीस मिनिटं तिथंच होती. बाकीचे शिक्षक ड्रायव्हरवर ओरडत होते. शुभांगी त्या मुलीकडंच पाहत होती. घरी आल्यावर दोन वर्षं तिनं हे कोणाला सांगितलं नाही. मग एक दिवस तिनं इंटरनेटवरून नकाशे उतरवले, आदिलाबादला जाऊन मोठ्या कागदावर छापून आणले आणि घरात जाहीर केलं की आपण नाव बांधणार. शाळेत कोणी विचारलं तर ती सांगायची, मुलांना त्रिकोण आणि बल समजावायला उपयोगी पडेल. ते सगळ्यांना पटायचं. राजकुमारला पटलं नव्हतं, पण त्यानं आपल्या कचेरीतल्या भाषेत कडक दरखास्त लिहून सातनाला धरणाच्या पाण्यात नाव घालायची मंजुरी आणली. अटी दोन. अंगात तरंगतं जाकीट पाहिजे, आणि दरवाजांच्या बाजूला जायचं नाही.

पहिलं वर्ष फुकट गेलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत तिनं नावेच्या फासळ्या उभ्या केल्या, मापून पाहिल्या, तर एक फासळी दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली निघाली. तिनं सगळ्या काढल्या. पुन्हा उभ्या केल्या, तर दुसरीच एक वाकडी. पुन्हा काढल्या. दसऱ्याच्या सुट्या आल्या आणि गेल्या, फेब्रुवारीत धरणाचं पाणी उतरलं, आणि शेडमध्ये फक्त एक सांगाडा होता. मापात मात्र तो अगदी चोख होता.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. दसऱ्याला तीन आठवडे होते.

"बाबा!" तिनं हाक मारली.

तिचे वडील, भिवाजी, अंगणातल्या नळावर तोंड धूत होते. शहात्तर वर्षांचा सडसडीत माणूस. बावीस वर्षं सीमेकडच्या एका गावात पाटलाकडं सालदार होते. वखर, तिफण, बंडीचं चाक, पाटलाच्या घरचं जे काही मोडेल ते त्यांच्या हातानं नीट व्हायचं. शुभांगीची आई गेल्यावर ते लेकीकडं राहायला आले होते. नाव म्हणजे त्यांच्यासाठी डोंगा. टेप त्यांना वाचता येत नव्हती. शुभांगी माप सांगायची, एका काडीवर खूण करून द्यायची, आणि ती शाळेत गेली की ते दिवसभर काडी लावून करवत चालवायचे. काडीच्या बाहेर त्यांची करवत कधी गेली नव्हती.

ते टॉवेलनं हात पुसत आले. फट पाहिली आणि खाली जमिनीकडं पाहायला लागले.

"हे काय आहे, बाबा?"

"फळी तोकडी झाली माह्याकून."

"कधी?"

"पोळ्याच्या आठ दिवस आधी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

भिवाजींनी टॉवेलची घडी घातली.

"सांगतलं असतं तर तवाच दुसरी कापली असती. आता गोंद दगडासारखा झाला. आख्खा तुकडा काढा लागन." तिचा आवाज वर्गातला झाला होता. तिला ते कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. "भुसा भरून वरतून रंग मारला तुमी. मले दिसू नये म्हणून."

"पाणी नाई जात तेच्यातून. म्या बादलीभर टाकून पाह्यलं."

"पाण्याचा सवाल नाई, बाबा."

भिवाजींनी मान हलवली. शुभांगीनं पर्स उचलली आणि ती निघाली.

दिवसभर तिच्या डोक्यात ती फट होती. नववीच्या वर्गात एका मुलीनं फळ्यावर गणित सोडवताना एक चिन्ह चुकवलं, तर शुभांगीनं तिला पूर्ण गणित पुसून पहिल्यापासून करायला लावलं. ती नेहमीच असं करायची. मुलं तिला घाबरायची, आणि पुढं गेल्यावर तिची आठवणही काढायची.

ती स्वतः अशी का झाली, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. तेवीस वर्षांची असताना तिची पहिली नेमणूक झाली, दुसऱ्या एका मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, शाळेत. तिच्या घरातली, तिच्या वस्तीतली पहिली शिक्षिका. आठवडाभरानं मुख्याध्यापकांनी तिचं तेलुगूतलं हजेरीपत्रक सगळ्या शिक्षकांसमोर वर धरलं. एका गावाच्या नावात 'ळ'च्या जागी 'ल' पडला होता. मुख्याध्यापक तिला रागावले नाहीत. नुसते हसले आणि शेजारच्या शिक्षकाला म्हणाले, "ह्यांचं असंच राह्यते." कोणाचं, ते त्यांना सांगावं लागलं नाही. शुभांगीनं पत्रक घेतलं, घरी आणलं आणि सगळं नव्यानं लिहिलं. त्यानंतर तेवीस वर्षांत तिच्या हातच्या कागदात कोणाला चूक सापडली नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा शेडला कडी होती. भिवाजी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. राजकुमार स्वयंपाकघरात चहा टाकत होता.

"काय बोलली तू त्यायले?"

"जे होतं तेच बोलली."

"दुपारी जेवले नाईत." त्यानं गॅस बारीक केला. "मले माहीत होतं फटीचं."

शुभांगीनं हातातली पर्स ओट्यावर ठेवली.

"मी म्हटलं होतं त्यायले, सांगून टाका म्हणून. तर म्हणे, जावईबापू, पह्यले पोरीचा डोंगा पाण्यात जाऊ द्या, मंग सांगतो. मांगच्या साली तिनं दोनदा खोलला. आता माह्यापायी तिसऱ्यांदा खोलन, अन् हेही साल जाईन."

"तुमीही लपवलं मंग."

"हो," राजकुमार म्हणाला. "लपवलं." आणि त्यानं कपात चहा ओतला.

रविवारी सकाळी ती एकटीच शेडमध्ये गेली. नावेची प्रत्येक बाजू दोन तुकड्यांची होती, कारण बाजारात प्लायवुड आठ फुटांचंच मिळतं. मागचा लांब तुकडा, पुढचा आखूड, आणि दोघांचा सांधा आतून एका पट्टीवर. पुढचा तुकडा नाळेच्या खांबाला, म्हणजे नावेच्या अगदी पुढच्या टोकाला, जाऊन भिडायचा. भिवाजींनी कापलेला डावा तुकडा तिला काढायचा होता. पितळी स्क्रू निघाले, गोंद निघेना. तिनं इस्त्री गरम केली, वर ओला फडका ठेवला आणि एकेक वीत शेकत, पात्यानं उचकत गेली. तीन तास लागले. तिच्या अंगठ्याला फोड आला. एका जागी प्लायवुडची साल निघाली आणि तिच्या तोंडून शिवी गेली. ती शिवी तिनं वडिलांच्या तोंडून लहानपणी ऐकली होती.

अर्धा तुकडा सुटल्यावर ती दम खायला बसली. समोर सांधा होता. फट वर बोटभर, मधे कमी, आणि खाली तळाशी काहीच नाही. दोन्ही तुकडे तळाशी एकमेकांना टेकलेले होते.

ती त्या फटीकडं पाहत बसली. मग हळूच उठली.

फळी तोकडी कापली असती तर फट वरपासून खालपर्यंत सारखी असती. ही तर पाचरीसारखी होती. त्रिकोण. सातवीतल्या पोराला कळलं असतं.

तिनं उरलेला गोंद घाईनं शेकला, तुकडा पूर्ण सोडवला आणि नावेच्या उजव्या अंगावर, तिकडच्या तुकड्यावर, उलटा धरून पाहिला. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. एक सूतही इकडं-तिकडं नव्हतं. भिवाजींनी फळी तिनं दिलेल्या काडीबरहुकूम कापली होती. काडीवरची खूण शुभांगीची होती, आणि ती खूण तिनं उजव्या बाजूचं माप घेऊन केली होती. डावी बाजू तिनं मोजलीच नव्हती. दोन्ही बाजू सारख्याच असणार, मोजायचं काय?

आता तिनं मोजली. नावेच्या मागच्या आडव्या फळीच्या मधोमध खिळा मारला, दोरा बांधला आणि पुढच्या खांबापर्यंत ताणला. खांबाचा पाय बरोबर मधे होता. खांबाचं डोकं उजवीकडं गेलेलं होतं. जवळजवळ पाऊण इंच.

पण खांब तर तिनं स्वतः, फोनमधलं लेव्हल लावून, उभा केला होता. ती पुन्हा लेव्हल लावायला वाकली आणि तिची नजर फरशीवर गेली. शेडची फरशी नालीकडं उतरती होती. कापसाच्या दिवसांत आत पाणी साचू नये म्हणून जुन्या मालकानं तशी बसवली होती. रोज त्याच फरशीवर ती चालत होती. तिनं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी नावेच्या खालून आडवं वाहत नालीत गेलं.

नाव फरशीसारखी कललेली होती, आणि कललेल्या नावेवर तिनं सरळ खांब बसवला होता. खांब धरतीला सरळ होता. नावेला नव्हता.

जून महिन्यात भिवाजी दारात उभं राहून एक डोळा मिटून पाहत होते, ते तिला आठवलं. "खांब जरासा कलल्यावानी नाई वाटत का वं?" ते म्हणाले होते. तिनं फोन त्यांच्या डोळ्यांपुढं धरला होता. "हे पाहा, बाबा. शून्य. शून्य म्हणजे एकदम सरळ." त्यांनी शून्याकडं पाहिलं होतं आणि "मंग असन" म्हणून करवत उचलली होती.

ती ओल्या फरशीवरच बसली. स्वतःची चूक सापडली याचं तिला लागलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी लागत होतं. फळी बसत नाही म्हटल्यावर भिवाजींनी काडी पुन्हा लावून पाहिली नव्हती. लावली असती तर फळी बरोबर आहे हे त्यांना दोन मिनिटांत कळलं असतं. पण त्यांना ते तपासावंसंही वाटलं नाही. फट दिसली, म्हणजे ती आपल्याच हातानं पडली, इतकं ते त्यांनी धरून चाललं होतं.

ती आत गेली. भिवाजी बाजेवर बसून शेंगा सोलत होते. शेंगांकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाबा, फळी तोकडी नव्हती."

"जाऊ दे ना आता, माय."

"नव्हती तोकडी. खांब माह्याकून तिरपा बसला. चूक माही हाय."

 असं वाक्य तिनं शेवटचं कधी उच्चारलं होतं, तिला आठवेना.

"उगी मले बरं वाटावं म्हणून नको बोलू," भिवाजी म्हणाले. "म्या कापली, मले माहीत हाय."

"तुमी चला शेडात."

"काय पाहाचं तेच्यात?"

"चला तं."

तिनं त्यांना हाताला धरून नेलं. फळीवर फळी ठेवून दाखवली. त्यांची काडी कोपऱ्यातून शोधून त्यांच्याच हातात दिली. भिवाजींनी काडी लावली. उलटी करून लावली. खाली बसून फळीच्या काठावरून डोळा लावून पाहिलं. मग दोऱ्याकडं गेले, खांबाच्या डोक्याला हात लावला, फरशीवरचा ओलावा पाहिला.

"म्हणजे फळी बरोबर होती," ते म्हणाले.

"हो."

"अन् म्या दहा दिवस भुसा भरत बसलो."

"काडी लावून पाहाची ना, बाबा, एकदा."

भिवाजी ठोकळ्यावर टेकले. काडी त्यांच्या मांडीवर आडवी होती.

"पाटलाकडं काई मोडलं, काई हरवलं, का पह्यले आमाले पुसत," ते म्हणाले. "कोणाच्याबी हातानं मोडो. तं आमी पुसाच्या आधीच होय म्हणून टाको. होय म्हटलं का लवकर सुटे. नाई म्हटलं का दिवसभर उभं करत." त्यांनी काडी हातात घेतली. "मंग सवय पडली. हातात काई बिघडलं का वाटते, असन आपलंच."

शुभांगी त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. तिनं त्यांना हजेरीपत्रकाची गोष्ट सांगितली. तेवीस वर्षं सांगितली नव्हती. सगळे शिक्षक कसे बसले होते, कोण हसलं, तिनं घरी येऊन कसं सगळं पुन्हा लिहिलं आणि आईनं विचारल्यावर शाळेचं काम आहे म्हणून कसं सांगितलं. भिवाजी मान पुढं करून ऐकत होते.

"कोणतं अक्षर म्हटलं?"

"ळ."

ते विचारात पडले. "एवढंच? त्यानं गाव बदललं काय?"

"नाई."

"कोणाचं ढोर मेलं?"

"नाई, बाबा." तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. तिनं ते पदरानं पुसलं. भिवाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, तसे ते नव्हतेच. काडीनं फक्त फरशीवरचा भुसा तिच्या पायापासून बाजूला सारला.

मग पुढं काय करायचं, हा प्रश्न उरला. खांब सरळ करायचा तर नावेचा पुढचा सगळा भाग खोलावा लागणार होता, दोन्ही बाजू, तळाच्या दोन फळ्या. ती हिशोब करत होती. रोज शाळेनंतर तीन तास. दिवाळी उजाडली असती. मग रंग. मग पाणी उतरायला लागलं असतं.

"तू म्हणशीन तं खोलू," भिवाजी म्हणाले. "मले काय काम हाय दुसरं."

ती उठून नावेच्या मागं गेली आणि वाकून पुढं पाहिलं. आता माहीत झाल्यावर खांबाचा कल तिला लख्ख दिसत होता. यापुढं कायम दिसणार होता. नाव कितीही छान चालली, कोणी कितीही वाखाणली, तरी तिची नजर पहिल्यांदा तिथंच जाणार होती. हे तिला मुळीच आवडलं नाही. 

"नाई खोलाची," ती शेवटी म्हणाली. "फळी हेच बसवू. फटीत सागाची पाचर ठोकू."

भिवाजींनी तिच्याकडं दोनदा पाहिलं. खरंच का, असं विचारलं नाही. जुन्या चौकटीचा एक सागवानी तुकडा त्यांनी ठेवून दिला होता, तो काढला आणि पटाशी परजायला बसले. दोन दिवस ते त्या पाचरीवर होते. बसवून पाहायचे, काढायचे, तासायचे, पुन्हा बसवायचे. तिसऱ्या दिवशी गोंद लावून पाचर ठोकली, तेव्हा कागदाची घडीही आत जाईना.

"आता मार रंग," ते म्हणाले. "कोणाले दिसणार नाई."

"पाचरीले रंग नको. नुसतं तेल लावू. साग चांगला दिसते."

"लोक पाह्यतीन ना वं."

"पाह्यतीन तं पाह्यतीन," शुभांगी म्हणाली. पण त्या संध्याकाळी ती दोनदा शेडमध्ये गेली, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि दोन्ही वेळा झाकण लावून परत आली.

दसऱ्याच्या सुटीत, बतुकम्माच्या सणाची फुलं पाण्यात सोडून दोन दिवस झाले होते तेव्हा, त्यांनी टेम्पोत नाव चढवली. शीड कापूस झाकायच्या ताडपत्रीचं होतं, डोलकाठी बांबूची. धरणाच्या काठावर पोचय्या होता. तो तिथं मासे धरायचा, आणि नाव त्याच्या झोपडीजवळ ठेवायची असं राजकुमारनं त्याच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. नाव उतरली, तशी पोचय्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली. टिचकी मारून लाकूड पाहिलं. वाकून तळ पाहिला. डाव्या अंगाशी येऊन थांबला आणि पांढऱ्या रंगातल्या त्या तपकिरी पाचरीवर बोट ठेवलं.

"टीचरम्मा, हे काय झाला?"

शुभांगीचे कान तापले. भिवाजी टेम्पोजवळ होते. त्यांनी तोंड उघडलं, ते काय बोलणार हे तिला कळलं, आणि त्यांच्या आधी ती बोलली.

"माझं माप चुकलं."

"अच्छा," पोचय्या म्हणाला आणि पुढं सरकला. तो सुकाणूपाशी गेला, दोरीपाशी गेला, डोलकाठी हलवून पाहिली. मग त्यानं शिडाची दोरी जिथं बांधली होती ती गाठ उचलून दाखवली. "हे मात्र गलत बांधला. वारा जोरात आला तर सुटत नाही हे. नाव उलटा होते." त्यानं गाठ सोडली, आपल्या पद्धतीनं बांधली, एक टोक ओढलं की झर्रकन मोकळी होणारी. "असा पाहिजे. बघा. परत एकदा बघा."

शुभांगीनं ती गाठ चार वेळा बांधून पाहिली. तिनं ती गाठ पुस्तकात पाहून बांधली होती, आणि चुकीची आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

पहिल्या खेपेला ती आणि भिवाजी बसले. राजकुमारनं दोघांच्या जाकिटांचे पट्टे ओढून पाहिले आणि काठावर थांबला. त्याला पाण्याची भीती होती आणि ती तो लपवत नव्हता. पोचय्यानं ढकललं. शीड आधी नुसतंच फडफडलं. तिनं दोरी ओढली, ताडपत्री एकदम ताठ झाली, आणि नाव तिच्या खालून निघाली. निघाली, असंच तिला वाटलं. कोणी हात धरून ओढावं तशी.

नाव सरळ जात नव्हती. उजवीकडं ओढ घ्यायची. सुकाणू जरासं डावीकडं धरून ठेवलं की सरळ जायची. पंधरा मिनिटांत शुभांगीच्या हातानं ते आपलंसं केलं. तळाशी पाणी दिसायला लागलं. तिनं घाईनं पाचरीकडं पाहिलं. पाचर कोरडी होती. पाणी मधल्या खोबणीतून येत होतं, जिथून खाली पाण्यात उभी फळी सोडलेली असते. ती खोबण तिनं तीन वेळा मोजली होती. भिवाजींनी तेलाचा कापलेला डबा घेतला आणि पाणी उपसून बाहेर टाकायला लागले. डबा भरायला बराच वेळ लागत होता, त्यामुळं घाई नव्हती.

"कोठी जायचं?" तिनं विचारलं.

"त्या बाजूले," भिवाजी म्हणाले. पलीकडच्या काठावर झुडपं होती, त्यांच्या मागं जंगलाची टेकडी. "तिकडं म्या कधी गेलो नाई."

पलीकडं पोहोचायला पाऊण तास लागला. नाळ चिखलात रुतली. भिवाजी धोतर सावरून उतरले, दोरी एका झुडपाला बांधली, आणि जणू कोणाच्या घरी आल्यासारखे इकडं-तिकडं पाहत उभे राहिले. मग वारा पडला. शीड लुगड्यासारखं खाली लोंबलं. पाण्यावर एक सुरकुतीही उरली नाही. लांब त्या काठावर राजकुमार हात हलवताना दिसत होता, माशीएवढा. शुभांगीनं फोन लावून त्याला सांगितलं की वारा नाही, वेळ लागेल. तो म्हणाला, पोचय्याला पाठवू का? तिनं भिवाजींकडं पाहिलं. ते एका दगडावर बसून जेवणाचा डबा उघडत होते. त्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा होता.

"नको," ती म्हणाली. "येतो आमी."

दोघं जेवली. भिवाजींनी हात धुऊन अंगरखा काढला, पाणी उपसताना भिजला होता तो झुडपावर वाळत घातला. टेकडीकडून मोराचा आवाज आला. भिवाजी एकदम तिच्या आईविषयी बोलायला लागले. तिला पाण्यात पाय सोडून बसायला कसं आवडायचं, आणि तेवढा वेळ तिला कधी मिळाला नाही, असं. शुभांगी ऐकत होती. हे तिनं आधी कधी ऐकलं नव्हतं.

वारा साडेतीनला आला.